जगदीश भगवती : व्यापाराचा प्रश्न, घरातले उत्तर

आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या अर्थशास्त्रात जगदीश भगवती यांचे नाव ज्या शोधनिबंधाने पहिल्यांदा गाजले, तो त्यांनी ऐन विशीत लिहिला होता. ‘रिव्ह्यू ऑफ इकॉनॉमिक स्टडीज’ या नियतकालिकात १९५८ मध्ये छापून आलेल्या या छोटेखानी निबंधाचा निष्कर्ष पटकन खरा वाटू नये असा होता: एखाद्या देशाचे उत्पादन वाढते आणि नेमके त्यामुळेच तो देश आधीपेक्षा गरीब होतो.

कॉफीसारखे एकच पीक विकून जगणारा एक देश धरा. तो वर्षाला १ कोटी क्विंटल कॉफी क्विंटलमागे १,००० रुपयांनी विकतो. हाती येतात १,००० कोटी. पुढे नवे बियाणे येते, लागवड वाढते आणि उत्पादन १ कोटी २० लाख क्विंटलांवर जाते. पण जगाला कॉफी लागते तेवढीच लागते. भाव उतरला म्हणून कोणी दिवसाला दहा कप पीत नाही. भाव ७०० रुपयांवर येतो आणि मिळकत ८४० कोटींवर घसरते. जमीन जास्त लागली, मजूर जास्त राबले, आणि त्या पैशातून परदेशातून आणायची यंत्रे, औषधे, इंधन मात्र आधीपेक्षा कमी आले. लासलगावच्या बाजारात कांदा उदंड झाला की शेतकऱ्याच्या हाती कमी पैसे पडतात, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. फरक इतकाच की कांदा स्वस्त झाला तर शेतकऱ्याने गमावलेले मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या पदरात पडते, पैसा देशातच राहतो. कॉफीचे गिऱ्हाईक परदेशात असते, म्हणून स्वस्ताईचा लाभही परदेशात जातो.

असे सरसकट घडत नाही. जागतिक पुरवठ्यात त्या देशाचा वाटा मोठा असावा लागतो आणि भाव उतरूनही मागणी फारशी न वाढणारा असा तो माल असावा लागतो. ही शक्यता एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाच्या लक्षात आली होती. ती नेमकी कोणत्या अटींवर खरी ठरते, हे भगवतींनी काटेकोरपणे मांडले. त्यातच पुढच्या साऱ्या कामाचे बीज होते. अशा देशाने निर्यातीवर योग्य तेवढा कर बसवून पुरवठा आवरला, तर वाढीतून नुकसान होऊच शकत नाही. म्हणजे तोटा होतो तो वाढीमुळे किंवा व्यापारामुळे होत नाही. तो होतो घरच्या धोरणात एक गोष्ट करायची राहून गेल्यामुळे. व्यापारामुळे देशाचे नुकसान होताना दिसते तेव्हा दोष खरोखर कुठे असतो, हा प्रश्न भगवतींनी पुढे सहा दशके वेगवेगळ्या अंगांनी विचारला.

भगवतींचा जन्म २६ जुलै १९३४ रोजी मुंबईत, एका गुजराती कुटुंबात झाला. थोरले बंधू प्रफुल्लचंद्र भगवती पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले आणि जनहित याचिकेची वाट रुंद करणारे न्यायमूर्ती म्हणून ओळखले गेले. जगदीश सिडनहॅम कॉलेजातून पदवी घेऊन १९५४ मध्ये केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. तिथे हॅरी जॉन्सन यांच्यासारखा व्यापार-सिद्धान्ताचा गाढा अभ्यासक शिकवत होता. केंब्रिजची पदवी १९५६ मध्ये हाती आली आणि भगवती अमेरिकेत एमआयटीत गेले. चार्ल्स किंडलबर्गर यांच्या मार्गदर्शनाखाली लिहिलेल्या प्रबंधावर त्यांना तिथलीच डॉक्टरेट मिळाली. मधला काही काळ ऑक्सफर्डच्या नफिल्ड कॉलेजात गेला.

१९६१ मध्ये ते भारतात परतले. त्या काळी परदेशात शिकलेल्या तरुण अर्थशास्त्रज्ञाला परत येण्याचे मोठे आकर्षण होते, कारण नियोजनाचा प्रयोग दिल्लीत चालू होता आणि त्यात हात घालण्याची संधी मिळत होती. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या दिल्लीतील नियोजन विभागात पितांबर पंत यांच्याबरोबर त्यांनी काम सुरू केले. सगळ्यांत तळाच्या लोकांना किमान जीवनमान कसे मिळवून देता येईल, हा तिथला प्रश्न होता. निरनिराळ्या देशांतील उत्पन्नाच्या वाटपाचे जे आकडे मिळत होते ते पाहता, तळाच्या लोकांचा वाटा देशागणिक फारसा बदलताना दिसत नव्हता, अशी आठवण भगवतींनी पुढे लिहिली आहे. त्यावरून त्यांचे मत बनले ते असे: वाटा वाढवणे अवघड असेल तर ज्याचा वाटा घ्यायचा ते उत्पन्नच झपाट्याने वाढायला हवे. आर्थिक वाढ ही गरिबी हटवण्याचे साधन आहे, हे त्यांचे म्हणणे तेव्हापासूनचे. पन्नास वर्षांनी याच मुद्द्यावर त्यांचा मोठा वाद झाला.

१९६२ पासून ते दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराचे प्राध्यापक होते. इथल्या वास्तव्यात सरकारी अर्थसल्लागार व्ही. के. रामस्वामी यांच्यासह त्यांनी एक निबंध लिहिला. तो १९६३ मध्ये ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’त आला. भगवतींच्या सगळ्या लेखनात सर्वाधिक टिकाऊ काम कोणते, असा प्रश्न आला तर याच निबंधाकडे बोट दाखवावे लागेल.

मुक्त व्यापार देशाच्या हिताचा, हे विधान तोवर एका अटीवर उभे होते: देशातल्या बाजारातल्या किमती खऱ्या खर्चाचे चित्र दाखवणाऱ्या हव्यात. गरीब देशांत त्या तशा नसतात. समजा, शहरातल्या कारखान्यात मजुरी दिवसाला १० रुपये आहे, पण तोच माणूस गावी राहिला असता तर त्याच्या कामातून ६ रुपयांचेच उत्पन्न झाले असते. देशाच्या हिशेबाने त्याला कारखान्यात आणण्याची किंमत ६ रुपये, कारखानदाराच्या वहीत मात्र १०. म्हणून कारखाने हवी तेवढी माणसे घेत नाहीत आणि परदेशी मालापुढे टिकत नाहीत. यावर अनेक अर्थतज्ज्ञांचे उत्तर ठरलेले होते: आयात मालावर शुल्क बसवा, कारखान्यांना संरक्षण द्या.

भगवती आणि रामस्वामी यांनी दाखवले की हे म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. दोष आहे मजुरीत. शुल्क बसते आयातीवर. शुल्कामुळे कारखान्यांना थोडा आधार मिळतो हे खरे, पण माल महाग झाल्यामुळे गिऱ्हाइकाला नाहक भुर्दंड पडतो, म्हणजे एक दोष निस्तरताना दुसरा तयार होतो. त्यापेक्षा कारखान्याला प्रत्येक मजुरामागे ४ रुपयांचे अनुदान दिले, तर दोष जिथे आहे तिथेच मिटतो आणि गिऱ्हाइकाची किंमत जागच्या जागी राहते. मुक्त व्यापाराच्या तुलनेत शुल्क बरे ठरेलच, याचीही खात्री देता येत नाही. देशातल्या बाजारात खोट आहे एवढे सिद्ध केले की संरक्षणाचा मुद्दा आपोआप सिद्ध झाला, असे जे धरून चालले जाई, त्याचा आधार या निबंधाने काढून घेतला. संरक्षण मागणाऱ्याला आता आणखी एका प्रश्नाचे उत्तर देणे भाग पडले: दोष घरात असताना उपाय सीमेवर का?

सिद्धान्त स्वच्छ असला तरी व्यवहारात एक अडचण उरते आणि ती खरी आहे. शुल्कातून सरकारला पैसा मिळतो, अनुदानाला सरकारचा पैसा लागतो. गरीब देशाच्या तिजोरीत तो असेलच असे नाही. या मर्यादेची चर्चा पुढच्या साहित्यात भरपूर झाली.

दरम्यान हॅरी जॉन्सन यांनी दाखवले की जागतिक भावावर काहीच परिणाम करू न शकणारा लहान देशसुद्धा, त्याने आयात शुल्क लावलेले असेल तर, वाढीतून गरीब होऊ शकतो. भगवतींनी १९६८ मध्ये या सगळ्या उदाहरणांना एका सूत्रात ओवले. ज्या अर्थव्यवस्थेत न सुधारलेला दोष आहे तिथे वाढीने तोच दोष फुगू शकतो, आणि फुगलेला तोटा वाढीचा फायदा गिळून टाकू शकतो. १९५८ चे उदाहरण या व्यापक नियमाचा एक विशेष प्रकार ठरले. रामस्वामी १९६९ मध्ये अकाली गेले. त्यांच्याबरोबर सुरू झालेले हे काम भगवतींनी पुढे अर्थशास्त्रज्ञ टी. एन. श्रीनिवासन यांच्यासह चालू ठेवले.

दिल्लीतल्या वर्षांनी भगवतींना आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे परवाना राज्याचे जवळून दर्शन. १९५१ च्या औद्योगिक कायद्यानंतर कारखाना काढायला परवाना, वाढवायला परवाना, कच्चा माल परदेशातून आणायला परवाना अशी व्यवस्था रुजली होती. आयातीच्या अर्जाला दोन कसोट्या लावल्या जात: हा माल अत्यावश्यक आहे का, आणि तो देशात मिळतो का? देशात कोणीतरी तो माल बनवतो असे निघाले की अर्ज अडत असे, मग त्याची किंमत किती किंवा दर्जा काय, हा प्रश्न गौण. पत्नी पद्मा देसाई यांच्यासह १९७० मध्ये लिहिलेल्या ‘इंडिया: प्लॅनिंग फॉर इंडस्ट्रियलायझेशन’ या ग्रंथात आणि श्रीनिवासन यांच्यासह १९७५ मध्ये लिहिलेल्या परकीय व्यापारविषयक ग्रंथात या व्यवस्थेचा तपशीलवार पंचनामा आहे. पद्मा देसाई स्वतः नामवंत अर्थतज्ज्ञ; सोव्हिएत आणि रशियन अर्थव्यवस्था हा पुढे त्यांचा खास विषय झाला.

त्या पंचनाम्यातली एक बाब मुद्दाम पाहण्यासारखी आहे. आयात कच्च्या मालाचा कोटा पुष्कळदा कारखान्याच्या स्थापित क्षमतेच्या प्रमाणात ठरे. समजा एका कारखान्यात दहा यंत्रे आहेत आणि मिळालेल्या कच्च्या मालावर त्यांतली सहाच चालतात. शहाणा मालक चार बंद यंत्रे आधी चालू करायचा विचार करील. पण इथे कोटा यंत्रांच्या संख्येवर मिळत असल्याने त्याच्या फायद्याचे होते ते आणखी पाच यंत्रे बसवणे. निम्मी यंत्रे धूळ खात पडलेली असतानाही नवी घेतली जात. भांडवल दुर्मीळ असलेल्या देशात हे घडत होते, आणि मालकाने त्याच्या परीने चोख हिशेब केला होता! शिवाय प्रत्येकाला ठरीव कोटा मिळणार असल्यामुळे कार्यक्षम कारखान्याला अकार्यक्षम कारखान्याचा बाजार काबीज करता येत नसे. देशाबाहेरची स्पर्धा आयातबंदीने थांबली होती, देशातली परवान्यांनी.

जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले; डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला. त्याबरोबर व्यापार थोडा खुला करण्याचे जे पाऊल उचलले गेले ते लवकरच मागे घेतले गेले. लागोपाठ दोन दुष्काळ आणि राजकीय गदारोळ यांत अवमूल्यन बदनाम झाले. भगवती आणि श्रीनिवासन यांनी या प्रकरणाची आकडेवारीनिशी तपासणी केली, कारण दुष्काळाचा परिणाम कोणता आणि धोरणाचा कोणता हे वेगळे केल्याशिवाय निवाडा शक्य नव्हता. हा अभ्यास भगवती आणि अर्थशास्त्रज्ञ ॲन क्रूगर यांनी चालवलेल्या मोठ्या प्रकल्पाचा भाग होता. त्यात अनेक विकसनशील देशांच्या परकीय चलन नियंत्रणाची तुलना झाली. निर्यातीला मारक ठरणारी धोरणे मोडली की वाढीला वेग येतो, हा त्यातून निघालेला निष्कर्ष होता. दक्षिण कोरियासारख्या देशांचे यश डोळ्यांसमोर होतेच. कोरियात सरकारने निर्यातदारांना भरपूर हात दिला होता, तेव्हा त्या यशाचे श्रेय खुल्या व्यापाराला द्यायचे की सरकारी धोरणाला, यावर अर्थशास्त्रज्ञांत आजही एकमत नाही.

परवान्यांच्या अनुभवातून सिद्धान्ताचाही एक नवा धागा निघाला. परवाना म्हणजे घबाड. ते मिळवण्यासाठी लोक दिल्लीत कचेऱ्या उघडतात, खेटे घालतात, वशिला लावतात. यात वेळ, पैसा आणि हुशार माणसे खर्ची पडतात, पण एक किलो लोखंडही जास्त तयार होत नाही. क्रूगर यांनी १९७४ मध्ये कोट्यांच्या संदर्भात या खर्चाचा हिशेब मांडला होता. भगवतींनी १९८२ मध्ये त्याची व्याप्ती वाढवून, थेट काहीच न पिकवता नफा कमावण्याच्या सगळ्या खटपटींचा एकत्र विचार केला. शुल्क वाढवून घेण्यासाठी उद्योगपतींनी केलेली मोर्चेबांधणी आणि शुल्क चुकवण्यासाठी केलेली तस्करी हे दोन्ही त्यात आले. चमत्कारिक भाग असा की अर्थव्यवस्थेत आधीच दोष असेल तर असली खटपट कधीकधी देशाच्या फायद्याचीही ठरू शकते, हे त्यांनी दाखवले. आपल्याच मताला गैरसोयीचा निष्कर्ष तितक्याच नेमकेपणाने मांडण्याची ही सवय त्यांच्या शोधनिबंधांत ठायी ठायी दिसते.

१९६८ मध्ये भगवती एमआयटीत प्राध्यापक झाले आणि १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. देश सोडून गेलेल्या बुद्धिमंतांचा प्रश्न त्यांनी सत्तरच्या दशकात हाती घेतला. गरीब देशाने डॉक्टर, इंजिनिअर घडवायचे आणि त्यांची कमाई श्रीमंत देशात व्हायची, तर त्या कमाईवर ठरावीक काळ छोटासा कर बसवावा आणि तो पैसा विकासाला द्यावा, अशी त्यांची सूचना होती. जाणाऱ्याला अडवावे असे त्यांनी कधीच म्हटले नाही. अमेरिका आपल्या नागरिकांना जगात कुठेही राहिले तरी कर लावते, हा दाखला त्यांच्याजवळ होता. सूचना अमलात आली नाही, पण भारतातून बाहेर गेलेल्यांशी देशाचे आर्थिक नाते काय असावे, या चर्चेत ती आजही निघते.

प्राध्यापक म्हणून त्यांचे योगदान शोधनिबंधांइतकेच मोठे आहे. जीन ग्रॉसमन आणि रॉबर्ट फीन्स्ट्रा हे व्यापार-अर्थशास्त्रातले पुढच्या पिढीचे दोन आघाडीचे अभ्यासक त्यांचे विद्यार्थी. १९७१ मध्ये त्यांनी ‘जर्नल ऑफ इंटरनॅशनल इकॉनॉमिक्स’ सुरू केले. पॉल क्रुगमन यांचा १९७९ चा, नव्या व्यापार-सिद्धान्ताचा पाया घालणारा निबंध याच नियतकालिकात छापला गेला. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनामुळे सारखेच देश एकमेकांना सारखाच माल का विकतात, हे त्यात समजावले होते. त्याचे गणिती साधन होते अविनाश दीक्षित आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्या १९७७ च्या निबंधातले. नव्या सिद्धान्ताने काही उद्योगांना संरक्षण देण्याच्या बाजूने युक्तिवाद पुरवले, आणि भगवती त्यांचे सर्वांत चिवट टीकाकार झाले. तरी तो सिद्धान्त त्यांच्याच नियतकालिकाच्या पानांवरून जगापुढे आला.

ऐंशीच्या दशकापासून त्यांचे लक्ष जागतिक व्यापाराच्या नियमांकडे वळले. १९८९ मध्ये अमेरिकेने आपल्या व्यापार कायद्यातल्या ‘सुपर ३०१’ या कलमाखाली जपान, ब्राझील आणि भारत यांची नावे पुढे करून एकतर्फी कारवाईचा धाक दाखवला, तेव्हा त्याविरुद्ध अमेरिकेतच बसून लिहिणाऱ्यांत ते अग्रेसर होते. १९९१ ते १९९३ या काळात ते ‘गॅट’ या जागतिक व्यापार कराराचे महासंचालक आर्थर डंकेल यांचे सल्लागार होते. डंकेल यांनी मांडलेल्या नव्या कराराच्या मसुद्यावर, म्हणजे ‘डंकेल प्रस्तावा’वर, तेव्हा भारतात गावोगाव सभा होत होत्या. मालाचा व्यापार खुला करणे भगवतींना मान्य होते, पण पेटंट आणि स्वामित्वहक्काचे नियम व्यापार-करारात घुसवणे त्यांना अजिबात पटले नाही. व्यापारात दोन्ही पक्षांना फायदा असतो. पेटंटच्या बाबतीत गरीब देशांकडून श्रीमंत देशांकडे पैसा जातो, म्हणून ती गोष्ट त्या करारात बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

दोन-चार देशांनी आपापसांत करायच्या व्यापार-करारांनाही त्यांचा विरोध होता, आणि मुक्त व्यापाराच्या पुरस्कर्त्याचा हा विरोध अनेकांना बुचकळ्यात टाकतो. कारण समजण्यासाठी एक शर्ट घ्यावा. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्या ‘नाफ्टा’ करारात मेक्सिकोत शिवलेल्या शर्टाला अमेरिकेत शुल्कमाफी हवी असेल तर सुतापासून पुढचे सारे काम साधारणपणे याच तीन देशांत व्हावे लागे. भारतातले सूत स्वस्त आणि चांगले असले तरी ते वापरले की शुल्कमाफी गेली. म्हणजे करार खुलेपणाचा, आणि त्यातून बाहेरच्या स्वस्त उत्पादकाला दार बंद. असे करार शेकड्यांनी झाले की प्रत्येक मालाला, तो कुठून आला यावर, वेगळे शुल्क आणि वेगळे नियम लागतात. या गुंत्याला भगवतींनी १९९५ मध्ये ‘स्पॅगेटी बोल’ असे नाव दिले आणि ते जगभर रूढ झाले. २००८ मध्ये या विषयावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहून अशा करारांना व्यापार-व्यवस्थेला लागलेली वाळवी म्हटले.

भांडवलाच्या मुक्त संचाराबाबतही ते सावध राहिले. १९९७ च्या आशियाई चलनसंकटानंतर ‘फॉरेन अफेअर्स’मध्ये लिहिलेल्या लेखात त्यांनी बजावले की कापड आणि धान्य यांच्या व्यापारासाठी दिलेले युक्तिवाद, रातोरात येणाऱ्या-जाणाऱ्या परकीय पैशाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. जागतिकीकरणाचा कैवारी, एवढीच ओळख असलेल्या वाचकांनी हा लेख आवर्जून वाचण्यासारखा आहे.

भारतात १९९१ च्या आर्थिक सुधारणा सुरू झाल्यावर अर्थ मंत्रालयासाठी भगवती आणि श्रीनिवासन यांनी १९९३ मध्ये सुधारणांचा आढावा लिहून दिला. त्यांनी वीस वर्षांपूर्वी नोंदवलेले परवान्यांचे दोष आता सरकारही मान्य करत होते. २००० मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. २०१३ च्या सुमारास अरविंद पानगढिया यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकाच्या निमित्ताने अमर्त्य सेन यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. आधी वाढ, मग तिच्यातून मिळालेल्या महसुलावर आरोग्य, शिक्षण आणि गरिबांसाठीच्या योजना, हा भगवतींचा क्रम. सेन आणि त्यांचे सहलेखक ज्याँ द्रेझ यांचे म्हणणे असे की आरोग्य-शिक्षणावाचून वाढच लंगडी राहते, म्हणून त्यांना मागे ठेवता येत नाही. वाढ हवी आणि सरकारी खर्चही हवा, हे दोन्ही बाजूंना मान्य होते. भांडण क्रमाचे आणि भराचे होते, वर्तमानपत्रांनी मात्र ते दोन टोकांचे करून टाकले.

भगवतींच्या मांडणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप व्यापारात हरणाऱ्यांविषयीचा आहे. स्वस्त आयातीमुळे देशाला मिळणारा फायदा कोट्यवधींत वाटला जातो, नोकरी मात्र एका गावच्या एका गिरणीतली जाते. २००४ च्या ‘इन डिफेन्स ऑफ ग्लोबलायझेशन’मध्ये त्यांनी यासाठी पुन्हा घरातलाच उपाय सुचवला: बेकारांना आधार, नव्या कामाचे शिक्षण, गरीब देशांना त्यासाठी जागतिक बँकेसारख्या संस्थांची मदत. असे आधार प्रत्यक्षात अपुरे पडले आणि अमेरिकेतल्या बंद कारखान्यांच्या गावांत व्यापाराविरुद्धचा राग साठत गेला. जागतिक नियमांची घडीही विस्कटली: डिसेंबर २०१९ पासून जागतिक व्यापार संघटनेचे, देशांमधल्या वादांवर अंतिम निवाडा देणारे अपील मंडळ अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका रोखल्यामुळे ठप्प आहे. भारताने नोव्हेंबर २०१९ मध्ये आशिया-प्रशांत देशांच्या ‘आरसेप’ व्यापार करारातून अंग काढून घेतले, पण मे २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातींशी आणि डिसेंबर २०२२ पासून ऑस्ट्रेलियाशी केलेले करार लागू झाले आहेत. ‘स्पॅगेटी बोल’चा गुंता इथेही दिसतो: या देशांत शुल्कसवलतीत माल पाठवणाऱ्या भारतीय निर्यातदाराला आता तो माल भारतातच तयार झाल्याचे प्रमाणपत्र प्रत्येक करारापुरते वेगळे काढावे लागते.